धुळीचा युक्तिवाद

“कुणी बघो, ना बघो, धूळ बसायाची बाई,
पुसणाऱ्या हाताला गं तिची सुट्टी कधी नाही.”

हा आवाज माझ्या लाकडात मुरला आहे. मित्रांनो, मी विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातलं एक जुनं टेबल आहे. सुताराने मला घडवलं ते पुस्तकांचं ओझं वाहायला. नशिबी आलं उदाहरण होणं. दरवर्षी नव्या वर्गापुढे सर माझ्यावर टिचकी मारत आणि विचारत, “आपण सगळे बाहेर गेलो, दार लावलं. आता हे टेबल आहे, हे कशावरून?” मुलं माना डोलावत. चार पाय रोवून मी उभं, आणि माझ्याच तोंडावर माझ्या असण्याची शंका!

ती शंका मावशींना कधी आली नाही. त्या विभाग झाडत. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन येत आणि स्वतःच जुळवलेली ती ओवी गुणगुणत मला पुसत. त्यांची मुलगी लहानपणी माझ्या पायांशी बसून पाढे म्हणायची. मोठी होऊन ती याच वर्गात शिकायला आली, तेव्हा मावशींनीच तिला बजावलं, “इथे ओळख दाखवू नकोस. लोक तुझ्याकडे बघायचं सोडून माझ्या झाडूकडे बघतील.” व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या की आईच भिंतीकडे तोंड करी.

एकदा सरांनी टिचकी मारली, आणि तिसऱ्या बाकावरून ती उठली.

“सर, महिनाभराच्या सुट्टीत इथे कुणीच नसतं. तरी माझ्या...” ती अडखळली. “तरी पुसणाऱ्या मावशींना धूळ सापडते. धूळ बसायला टेबल नको का?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातला कागद काढून ते टिपून घेतलं.

वर्ष सरायच्या आत त्यांचा लेख छापून आला, ‘धुळीचा युक्तिवाद’. वाहवा झाली. त्यात ना तिचं नाव, ना मावशींचं. पुढे ती इथेच शिकवू लागली, पण तिला निवडणाऱ्या समितीत सरच होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! दरवर्षी ती फळ्यावर लिही, ‘सरांचा धुळीचा युक्तिवाद’. दाराबाहेर बादली ठेवून मावशी आपलीच ओवी दुसऱ्याच्या नावाने ऐकत. एके सकाळी बादली वाजली नाही. मावशी गेल्या होत्या. विभागाने दुसरं माणूस नेमलं, एवढंच. लेकीने रजेच्या अर्जात लिहिलं, ‘घरगुती कारण’.

मित्रांनो, टेबल आहे की नाही यावर खुशाल वाद घाला. पण ते पुसतं कोण, हे आधी विचारा. आम्हाला जपणारे हात आमच्याआधी झिजतात.

काल सरांचा सत्कार झाला. मला मुद्दाम मधोमध मांडलं होतं, पण पुसायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सर म्हणाले, ही कल्पना त्यांना एकांतात, चिंतनात सुचली. टाळ्या पडल्या. मग आभार मानायला ती उठली. केस पिकलेले, हातात लिहून आणलेला कागद. कागदाकडे तिने पाहिलंच नाही. माझ्यावरून तळवा फिरवला आणि धुळीने माखलेला तो हात सगळ्यांना दाखवला.

“हा युक्तिवाद सरांचा नाही. माझाही नाही,” ती म्हणाली. “इथे टेबल पुसणाऱ्या मावशींचा आहे.”

त्या दिवशी तिसऱ्या बाकावर गिळलेला शब्द तिने आता पुरा केला.

“ती माझी आई होती.”