कूलरच्या जाळीची गाडी

आमच्या स्वीटीचं लग्न झालं त्या वर्षाची, म्हणजे दोन हजार चोवीसची ही गोष्ट. स्वीटी माझी नात, अमरची थोरली मुलगी. लग्न एप्रिलच्या शेवटी झालं आणि दारातल्या मांडवाचे बांबू निघायच्या आधीच घरात गाडीवरून भांडण लागलं.

गाडी दोन सीटची, लाल, वर छप्पर नसलेली. गोव्यात बनलेली. अंग सगळं फायबरचं. सदाशिवरावांनी ती हौसेने घेतली होती. त्यांच्या कूलरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फायबरच्या बॉड्या केल्या. साच्यात रंग मारायचा, वर काचेची जाळी अंथरायची, रेझिन पाजायचं, हेच माझं काम. आमची बायको गंगा त्याच कारखान्याचा मालवाहू ऑटो चालवायची. देवळी, अल्लीपूर, हिंगणघाट, सगळीकडे तिनेच कूलर पोचवले. लायसनसाठी ती लिहायला-वाचायला शिकली आणि तिच्या त्या पुस्तकातूनच मी बावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो.

कारखाना बंद झाला तेव्हा गाडी शेडमध्ये पडून होती. इंजिन जाम, बॉनेट फुटलेलं, वर कूलरच्या टाक्या रचलेल्या. कबाडीवाला आला, त्याने बोटाने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं फायबर हाये. फायबरले रेट नाई. खालचं लोखंड तेवढं तोलतो." सदाशिवराव खट्टू झाले. मी म्हटलं, कबाड्याच्या वर हजार रुपये मी देतो. ते हसले, पण त्यांनी दिली. कागद गंगाच्या नावावर केले, कारण घरात लायसन तिचंच होतं.

इंजिन देवळीच्या मिस्त्रीने सोडवलं. बाकी मी केलं. फुटलेल्या बॉनेटला लाल रंग माझ्याजवळ नव्हता, कूलरचा हिरवा होता, तो लावला. गाडी आमच्या उन्हात तापायची. पुढचा पंखा बंद होता आणि तसा पंखा कुठे मिळेना. मग मी सोलर कूलरची बारा व्होल्टची मोटर आणि प्लास्टिकचं पातं तिथे बसवलं, आणि वाफ बाहेर पडावी म्हणून बॉनेट दोन्ही बाजूंनी कापून कूलरची जाळी घातली. कूलरवाला दुसरं काय करणार?

स्वीटीच्या सासरकडून धनंजय नावाचा पाहुणा आला होता. नागपूरला तो जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो. पंगतीतून उठला, हात धुतले आणि ताडपत्री उचलून गाडीपाशीच बसला. मीटरवरचा आकडा त्याने मोबाइलवर टिपून घेतला. एकतीस हजार दोनशे आठ.

"काका, अशा गाड्या आता थोड्याच राहिल्या," तो म्हणाला. "महागड्या गाड्या घेणारे वेगळे. पण आपल्यासारख्यांना परवडेल अशी जुनी स्पोर्ट गाडी म्हटलं की लोक हीच शोधतात. आज साडेचार लाख देतो. पाच-सात वर्षांत दहाच्या वर जाईल."

मग त्याने पुन्हा बॉनेट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"मूळ बॉनेट कापलं तुम्ही, काका. त्यात कूलर बसवला. या एका जाळीने दीड लाख गेले, नाहीतर सहा दिले असते."

अमर माझ्याकडे असा पाहत होता जणू मी म्हैस विहिरीत ढकलली. तो बुटीबोरीच्या कंपनीत आहे, हिशेबी पोरगा आहे. धनंजय म्हणाला, तीन जूनला सोमवारी ट्रक घेऊन येतो, तोवर गाडी विटांवर चढवा आणि एक किलोमीटर चालवू नका. चालली की भाव उतरला. बयाना आम्ही घेतला नाही. अमरने मात्र दुसऱ्या दिवशी विटा आणल्या.

गंगाच्या मनात दुसरी तारीख होती.

तिचं लायसन एकतीस मेला संपत होतं. नवं करायला डॉक्टरची सही लागते. डॉक्टरने तिच्या छातीचे कागद पाहिले आणि सांगितलं, आजी, हृदय थकलं आहे, सही मी करणार नाही. ती त्याच्याशी भांडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "त्याचं बरोबर हाये. पण एकतीसपर्यंत सरकारनं मले देलं हाये. तेवढे दिवस मी कोणाले वापस करत नाई."

तिला एकच खेप करायची होती. अल्लीपूरला, माहेरी. आणि त्या खेपेत लखनला शेजारी बसवायचं होतं.

लखन तिचा धाकटा भाऊ. तिला लायसन मिळालं त्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात सगळ्या सोयऱ्यांसमोर तो बोलला होता, "बाईच्या हातच्या गाडीत मी तिरडीवर बांधूनच जाईन, जित्तेपणी नाई." सगळे हसले. लखन ते पाळत बसला. वीस वर्षं कूलरचा ऑटो त्याच्या दारावरून जायचा आणि हा बस स्टँडवर उभा. एकदा तापाने फणफणला होता, तरी अल्लीपूरहून हिंगणघाटला बसनेच गेला. गंगा रिकामा ऑटो घेऊन त्या बसच्या मागे मागे गेली. ते ती विसरली नव्हती.

एकोणतीस तारखेला ती अमरला म्हणाली, "विटा काढ."

"माय, काऊन पण? पाच दिवसांनी ट्रक येऊन राह्यला. मीटर हललं तं तो भाव तोडंल."

"तोडू दे."

"पुढं दहा लाख होतील. तुले समजून नाई राह्यलं."

"मले समजते. भाव चढंल म्हणून लोकायनं कापूस घरात भरून ठेवला, तं भाव काही चढला नाई, पोट्ट्यायच्या अंगाले खाज मात्र सुटली. आमच्या बापाच्या घरी मी ते खाजवलं हाये."

"ही गाडी हाये, कापूस नोहे."

"मंग चालव ना तिले. गाडी हाये तं."

अमर माझ्याकडे वळला. "बाबा, तुमी तरी सांगा."

मी काय सांगणार? भाव मलाही माहीत आहे. कूलरचा भाव चैत्रात चढतो आणि मिरगात कोणी फुकट नेत नाही. कूलर तोच असतो. मी उठलो आणि जॅक लावला. अमरने थोडा वेळ पाहिलं, मग शिवी गिळून दुसऱ्या बाजूच्या विटा काढू लागला.

तीस मे, गुरुवार. सहा वाजता निघालो, ऊन चढायच्या आधी पोचावं म्हणून. गंगाने डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला होता. मी शेजारी, हात हँडब्रेकजवळ. रस्ता मोकळा होता. ती चाळीसच्या वर गेली नाही. चहाच्या टपरीवर एकाने ओरडून विचारलं, "आजी, छप्पर कुठं पडलं?" ती म्हणाली, "तुह्या सासऱ्याले आंदण देलं." आणि गिअर बदलला.

साडेसातला अल्लीपूरला पोचलो. लखन दारात बाजेवर बसून दात घासत होता. गाडीकडे पाहिलं, चूळ भरली.

"अर्धीच आणली का वं, बाई? बाकी अर्धी मागून येते का?"

"दोनच सीटा हायेत. एक माही, एक तुही. चाल, आंघोळ कर."

"भाटवे कुठं बसतील?" त्याने माझ्याकडे बोट केलं.

"ते निंबाखाली बसतील."

"मी बोललो होतो, तुले याद हाये."

"याद हाये म्हणूनच आली."

त्यानंतर साडेतीन तास गेले. लखनने आंघोळ केली, जेवला, बैलाला पाणी दाखवलं, गोठा झाडला. मग बाजेवर येऊन बसला. गंगा गाडीतच बसून राहिली, चाक धरून. त्याची बायको सुमित्राबाई चहा घेऊन गाडीपाशी गेली, तर गंगाने तो तिथेच घेतला. आजूबाजूचे लोक जमले. कोणी म्हणालं, लखन, बस बे एकदा. कोणी म्हणालं, बसू नको, जबान म्हणजे जबान. अकरा वाजले. ऊन असं की बाजेच्या पायांना हात लावता येत नव्हता.

मी तिला म्हटलं, "चाल आता, छातीले झेपणार नाई."

ती लखनकडेच पाहून बोलली, आवाज न चढवता. "लखन, तुह्या तिरडीची वाट पाह्यत बसायले मले टाइम नाई. डॉक्टर म्हणते मी पयले जाणार. उद्या माहं लायसन संपते. परवा तू बसतो म्हटलं तरी मी बसवू शकत नाई. तुही जबान राह्यते का माहा हट्ट राह्यते, ते आजच हाये."

लखन उठला, आत गेला, दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला आणि आला. दार कसं उघडतं ते त्याला कळेना. वरूनच पाय टाकून बसला.

"हळू चालवजो," तो म्हणाला.

मी निंबाखाली राहिलो. जाताना पाहिलं, तापमापकाचा काटा लाल रेघेजवळ होता. उन्हात उभी गाडी, वरून गंगाने इंजिन बराच वेळ चालूच ठेवलेलं. मोटर घरघरली, कूलरचं पातं फिरलं, जाळीतून गरम हवा दोन्ही बाजूंनी निघाली. मी रस्त्यावरच उभा राहिलो. गाडी हिंगणघाटच्या रस्त्याने गेली, बस स्टँडसमोरून, जिथे लखन वीस वर्षं उभा राहिला होता. लोक सांगतात की तिथे तिने हॉर्न वाजवला आणि लखनने मान खाली घातली. पण परत येताना दुसऱ्यांदा हॉर्न वाजला, तो लखनने वाजवला.

उतरल्यावर त्याने आधी बॉनेटच्या जाळीवर हात धरला.

"भाटवे, हे तुमचं काम का?"

"हो."

"उकळली नाई. आमच्या सरपंचाची नवी गाडी परवा याच रस्त्यावर उकळली."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. जेवताना लखनने स्वतःच्या हाताने बहिणीला वाढलं. संध्याकाळी घरी आलो तेव्हा मीटर एकतीस हजार दोनशे सत्याऐंशी होतं.

सोमवारी धनंजय ट्रक घेऊन आला. आधी त्याने मीटर पाहिलं.

"एकोणऐंशी किलोमीटर? काकू, मी सांगितलं होतं."

"सांगतलं होतं," गंगा म्हणाली.

"चार देतो. जाळी काढून मूळ बॉनेट शोधावं लागेल, त्याचा खर्च माझा."

"जाळी काढणार?"

"काढावीच लागेल. तिच्यासकट कोणी घेणार नाही."

"मंग नोको घेऊ. गाडी माह्या नावावर हाये. इकायची नाई."

धनंजय वाईट माणूस नाही. पाणी प्यायला आणि म्हणाला, "या गाड्यांचा भाव वर जाणार, काकू. अशी वापरली तर तुमची मात्र मागे राहील."

"राहू दे. तिले अल्लीपूर मालूम हाये."

अमर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ताडपत्री दुमडून माळ्यावर टाकली आणि स्वतः लायसनचा फॉर्म घेऊन आला. आता गाडी तोच चालवतो. लखन आला की शेजारची सीट त्याची, मी मागून ऑटोने येतो. मागच्या महिन्यात धनंजयचा फोन आला, साडेपाच म्हणत होता, जाळीसकट. दुसऱ्या एकाने सांगितलं की पुढे पेट्रोलच्या गाडीला कोणी विचारणार नाही, आताच विकून टाका. दोघांचंही मी ऐकून घेतलं. पातं बदलायचं होतं, ते बदललं.

गंगा पुनाजी मडावी, वय सदुसष्ट, गुरुवार, नऊ जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी पहाटे बोरगाव मेघे येथे राहत्या घरी वारली.