निळ्या बॅगांच्या गर्दीतली मी

मला कपाटावरून खाली घ्यायची तसदी घेऊ नका, इथूनच सांगते. मी एक बॅग. निळी, चार चाकांची, उस्मानपुऱ्यातल्या रूपालीच्या घरची. परदेश बघून आलेली. चाकाजवळ खरचटल्याचा डाग आहे ना, तो कोलंबोचा. त्याचा मला थोडा तोरासुद्धा आहे.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. शिवण घातली, चाकं बसवली, पोटात कागदाचे बोळे कोंबले आणि मी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात येऊन उभी राहिले. एक दिवस तिथं बायकांचा घोळकाच शिरला. विहाराच्या महिला मंडळाची सहल निघाली होती, श्रीलंकेला, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला. सगळ्यांनी मिळून घेतल्या तर दुकानदार भाव उतरवील, म्हणून साऱ्यांनी एकसारख्याच बॅगा घेतल्या. रंगावरून वाद झालाच नाही. निळा म्हणजे निळाच!

त्यावर मंडळातल्या चंपाबाईनं निळ्या रिबिनीचं बंडल आणून प्रत्येक बॅगेला एकेक फूल बांधलं. "आता कुणाची बॅग हरवत नाय बगा," ती म्हणाली. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू?

रूपालीला मात्र जायचंच नव्हतं. हौस होती तिच्या सासूबाईंची, मनकर्णाबाईंची. पण त्यांचे गुडघे दुखतात, सोबत कुणीतरी हवं, आणि नवऱ्याला, राजकुमारला, वाळूजच्या कंपनीतून सुट्टी मिळेना. मग रूपालीच निघाली आणि तिच्याबरोबर चार वर्षांची करुणा. या पोरीला मधूनच धाप लागायची, छाती वाजायची. तोंडात मारायचा औषधाचा पंप घरात कायम हाताशी असायचा.

"परमुलखात पोरीला काही झालं तर मी कुणाला काय सांगू? मला इंग्रजी येत नाही," रूपाली रोज म्हणायची.

"अगं, तिथली माणसं बी माणसंच हायेत," मनकर्णाबाई म्हणायच्या.

काळजी करणारी बाई तयारी मात्र छान करते हं. रूपालीनं मला भरलं, उपसलं, पुन्हा भरलं. गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्याला मला लटकवून वजन केलं. विमानतळावर सामान उपसत बसायची लाज नको, म्हणून. पासपोर्टची एक झेरॉक्स पर्समध्ये, एक माझ्या पोटात, आणि फोटो मोबाइलमध्ये. तेलाची चटणी दोन पिशव्यांत बांधून. तिथल्या विहारात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून पांढऱ्या साड्या, पोरीचे पांढरे लांब फ्रॉक. अनवाणी चालताना दगड तापतात म्हणून मोजेसुद्धा. मी तर तिच्यावर खूशच झाले.

फक्त एक गोष्ट चुकली. निघायच्या दिवशी पंप पर्समध्ये ठेवताना चंपाबाईनं पाहिलं.

"अगं ए बाई, फवारा-बिवारा काय नेऊ देत नायत इमानात! माझ्या भाच्याचं अत्तर काढून घेतलं की. मोठ्या बॅगीत टाक गपचूप."

काढून घेतला तर? या भीतीनं रूपालीनं तो पंप माझ्या आतल्या कप्प्यात सरकवला. सहल नेणाऱ्या कडुबाभाऊला एक फोन लावला असता तर काम झालं असतं. पण एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असं तिला वाटलं. माणसं नको तिथं भीड धरतात.

कोलंबोच्या फिरत्या पट्ट्यावर आम्ही सगळ्या बहिणी एकीमागे एक निघालो. निळी बॅग, निळं फूल. निळी बॅग, निळं फूल. बायका बघतच राहिल्या. मग जी हाताला लागली ती ज्या त्या बाईनं ओढली. मला ओढलं चंपाबाईनं! मी चाकं अडवून पाहिली, पण तिच्यापुढं माझं काय चालणार?

लॉज चांगलं होतं. खोलीत जाऊन चंपाबाईनं मला उघडलं. कुलपाचे आकडे कुणीच बदलले नव्हते, सगळ्यांचे तीन शून्यच. आत बघते तर चिमुकले फ्रॉक.

"अगं बया! माझ्या साड्या आटल्या का काय!" ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "रूपीची दिसती. देऊ जेवून आल्यावर." मला तशीच बंद केली, दाराला कुलूप लावलं आणि गेली सगळ्यांबरोबर बाहेर जेवायला.

आणि भिंतीपलीकडून मला ती खोकल्याची उबळ ऐकू आली. मग ती शिट्टीसारखी वाजणारी छाती. प्रवासाचा शीण, बसमधली गार हवा, करुणाला धाप लागली होती. झिप उघडल्याचा आवाज आला आणि रूपालीची किंकाळीच. तिच्या खोलीतल्या बॅगेतून निघाला होता चंपाबाईचा भाकरीचा तवा.

"आत्याबाई, हिला मांडीवर बसती धरा, आडवी करू नका! मी आलेच!"

ती पळाली. चंपाबाईला फोन लावला तर लागेना. बाईनं बाहेर देशात चालणारा रिचार्जच मारला नव्हता. पुढचं मला नंतर रूपालीच्याच तोंडून कळलं. काउंटरवरच्या मुलीसमोर रूपाली उभी राहिली, आणि शब्दच सुचेना. मग तिनं शब्दांची वाट सोडली. हात कमरेएवढा खाली धरून मूल दाखवलं, छातीला हात लावून धाप दाखवली, तोंडापाशी मूठ नेऊन पंप दाबला, रंग कळावा म्हणून भिंतीवरच्या निळ्या चित्राला हात लावला, बॅग ओढून दाखवली आणि शेवटी वर बोट केलं. त्या मुलीनं एक अक्षर न विचारता किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि रूपालीच्या आधी जिना चढली.

दार उघडलं. रूपालीनं मला उचललंसुद्धा नाही. झिप ओढली, कप्पा फाडल्यासारखा उघडला, पंप घेतला आणि गेली. मी आ वासून पडले. भिंतीपलीकडं फुस्स... थोडं थांबून पुन्हा फुस्स. मी कान देऊन ऐकत होते. ती शिट्टी हळूहळू बारीक होत गेली.

मग करुणाचा आवाज आला. "आई, मला भात दे ना."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला, बॅगेला, तेव्हा कळलं.

जेवून आल्यावर सगळं ऐकून चंपाबाई रडायलाच लागली. "चंपे, तुझ्या रिबिनीला आग लाव आधी!" मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि पदरानं तिचेच डोळे पुसले. कडुबाभाऊ डोक्याला हात लावून म्हणाला, "मावशे, पंप हातात नेऊ देतेत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवायची, झालं. मला इचारायचं तर खरं!"

त्या संध्याकाळी साऱ्या रिबिनी उतरल्या. करुणानं माझ्या अंगावर खडूनं काहीतरी काढलं. ती म्हणते हत्ती आहे, चंपाबाई म्हणते कोंबडी.

आणि रूपाली? काउंटरवर एकदा बोलून आल्यावर तिची भीती जी गेली, ती गेलीच. शहाळेवाल्याशी हातवारे करून ती मलई मागायला लागली. बुद्धमूर्तीकडं पाठ करून फोटो काढायचा नाही, हे तिनंच सगळ्या बायकांना दटावून सांगितलं. बोधिवृक्षाखाली सासूशेजारी ती हात जोडून बसली होती म्हणे. पंप कमरेच्या बटव्यात, पोरगी मांडीवर.

आता मी इथं आहे, पोटात गोधड्या भरल्यात. फिरायला निघणाऱ्या बायका रूपालीला विचारायला येतात आणि मी वरून ऐकते. तुम्हीही ऐका. साड्या द्या मला, फ्रॉक द्या, चटणी द्या, तवासुद्धा द्या, मी नेईन. पण ज्याच्यावाचून जीव अडकेल, ते माझ्या पोटात ठेवू नका. तुमची कितीही लाडकी असले तरी मी बॅगच आहे. जो ओढील त्याच्यामागं चालू लागते.