उजवी बाही

"आधी ते कार्टून बंद कर!"

दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं की टेलर मास्तरांच्या घरात हे वाक्य रोज ऐकू यायचं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तर. त्यांनी शिवलेला कोट चढवला की ढेरपोट्या माणूससुद्धा ताठ दिसतो, अशी त्यांची ख्याती. पडद्याच्या पलीकडे त्यांचा एकुलता एक मुलगा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी घरी येऊन जपानी ॲनिमे मालिका बघत बसायचा. सव्विसावं सरलं होतं, पण वेड काही सरत नव्हतं.

"कार्टून नाही बाबा, ॲनिमे," मुलगा शांतपणे म्हणायचा.

"चित्रं हलतात ना? मग कार्टून!"

"तुमचा सूट आणि तुमची बंडी, दोन्ही कापडच ना? मग दोन्ही सारखंच का?"

मग मास्तर बायकोला विचारायचे, "जेवायला आहे ना काही?"

खरं सांगायचं तर वेड होतंच. नवा भाग रविवारी पहाटे येतो म्हणून एरवी हाका मारून न उठणारा हा गडी रविवारी कोंबड्याच्या आधी उठायचा. त्याच्या गजरात एक मुलगी जपानीत किंचाळायची. पहिल्यांदा ते ऐकून त्याच्या आईच्या हातातलं दूध सांडलं होतं. एकदा मालिकेतला कुणी म्हातारा वारला, तर हा दोन दिवस धड जेवला नाही. आई म्हणाली, "तुझी सख्खी आत्या गेली तेव्हा दोन घास जास्तच खाल्ले होतेस की रे!"

पण हे सगळं मास्तरांनी चालवून घेतलं असतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीने. मुलगा मालिका बघता बघता विणायचा! दोन लांब सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा, डोळे मालिकेतल्या लढाईवर आणि ओठांवर पुटपुट, "दोन सुलट, दोन उलट." टोपी विणली, मोजे विणले, आईला गळपट्टा विणून दिला. एक स्वेटर तर असा जमला की आईने तो कौतुकाने दुकानातल्या पुतळ्यालाच घातला.

आणि तिथेच घोळ झाला. एका गिऱ्हाइकाने स्वेटरवरून हात फिरवत विचारलं, "वा मास्तर! कुणी विणला हो?"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या हिने."

एकदा थाप मारली की ती सांभाळत बसावी लागते. हळूहळू गल्लीभर झालं की मास्तरांच्या बायकोचं विणकाम फार सुरेख आहे. शेजारणी शिकायला येऊ का म्हणून विचारू लागल्या. बायको बिचारी नवऱ्यावर करवादायची, "अहो, मला बटण लावायचा कंटाळा! माझ्या माथी कशाला मारता? मुलाने विणलाय म्हणून सांगायला जीभ का अडखळते तुमची?"

"पुरुषासारखा पुरुष, लोकर घेऊन बसतो. लोक काय म्हणतील?"

मुलगा पडद्याआडून हे ऐकायचा. सुयांचा आवाज थोडा वेळ थांबायचा.

त्या दिवसांत त्याने एक मोठं काम हाती घेतलं होतं. येत्या रविवारी शहरातल्या ॲनिमे चाहत्यांचा मेळावा होता. आपापल्या आवडत्या पात्राचा वेष करून तिथे मंचावर जायचं होतं. त्याच्या लाडक्या मालिकेत एक तरुण होता, समुद्रातल्या दीपगृहाचा शेवटचा रखवालदार. त्याचा निळा, घोट्यापर्यंत रुळणारा झगा मुलगा कित्येक महिने विणत होता.

"बाबा, रविवारी याल का बघायला?" त्याने एकदा धीर करून विचारलं.

"मला वेळ नाही," मास्तर टेपची गुंडाळी करत म्हणाले. वेळ होता. रविवारी दुकान बंदच असायचं.

शुक्रवारी मुलगा कामावर गेला आणि जाताना झगा दुकानातल्या कापायच्या टेबलावर पसरून गेला. रात्री धुतला होता, सपाट वाळायला तेवढं एकच टेबल घरात होतं. दुपारी मास्तर कापड कापायला आले आणि झग्याकडे बघत उभे राहिले. मनात कितीही राग असला तरी कारागिराची नजर खोटं बोलत नाही. खांदे चोख बसले होते. गळा नीट उतरला होता. पण बाह्या! डावी बाही बरोबर मनगटापर्यंत, आणि उजवी? हातभर लांब, आणि खाली पिशवीसारखी रुंद!

'चुकलं पोरगं,' मास्तर मनात म्हणाले. 'मालिकेतली लढाई बघत विणल्यावर दुसरं काय होणार? आणि हे असलं घालून चारचौघांत जाणार! लोक म्हणतील, मास्तराचा मुलगा आणि बाह्यांचा मेळ नाही!'

त्यांचे हात शिवशिवू लागले. मुलावर उपकारच करतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. डावी बाही उजवीवर ठेवली, कडेने खडू ओढला आणि आयुष्यभर हजारो बाह्यांवर चालवली तशी कात्री झरझर चालवली.

पण ते कापड नव्हतं! कापलेल्या कडेवर एकेक टाका डोळा उघडल्यासारखा सुटा झाला. मास्तरांनी घाईने कड चिमटीत धरली, तर आणखी दोन ओळी सुटल्या. मशीनखाली घातली, तर कड ताणून लाटांसारखी वेडीवाकडी झाली. लोकरीचे बोटभर तुकडे टेबलावर, मांडीवर, चष्म्यावर. ज्या माणसाने कधी कुणाचं कापड वाया घालवलं नाही, त्याने पोटच्या पोराचं कित्येक महिन्यांचं काम दोन मिनिटांत वाया घालवलं होतं. मास्तरांना दरदरून घाम फुटला.

नेमक्या त्याच वेळी सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका, मास्तरांचं जुनं गिऱ्हाईक. कोटाचं अस्तर बदलायला टाकलं होतं, ते घ्यायला आल्या होत्या.

"अरे देवा! हे कुणाचं?"

"आमच्या हिचं," मास्तर सवयीने म्हणाले.

पडदा सरकला. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझं नाही हो सिस्टर. मुलाचं आहे. सगळं तोच विणतो. हे लाजतात सांगायला." मग तिची नजर टेबलावर गेली. "अहो... हे काय केलंत?"

मास्तर खाली मान घालून स्टुलावर बसले. सिस्टरनी समोरची खुर्ची ओढली.

"मास्तर, एक विचारू? जन्मभर तुम्ही सुई चालवलीत. तुम्हाला कुणी बायकी म्हणालं?"

"तो माझा धंदा आहे, सिस्टर!"

"म्हणजे मोबदला मिळाला की सुई पुरुषाची, आणि आनंदासाठी धरली की बायकांची? तुमच्या हातात एक सुई, त्याच्या हातात दोन. दुसऱ्या सुईने असं काय घोडं मारलं?"

बायको म्हणाली, "आणि बायकांचं म्हणजे हलकं, हे तरी कुणी ठरवलं?"

"आमच्या वॉर्डात एक ट्रकचालक होता," सिस्टर सांगू लागल्या. "मनगट मोडलेलं. बोटं हलावीत म्हणून मी त्याला विणायला बसवलं. आधी तोंड लपवायचा. घरी जाईपर्यंत अख्ख्या वॉर्डाला टोप्या घातल्या पठ्ठ्याने! खऱ्या टोप्या हं, दुसऱ्या नव्हेत." बायकोला हसू फुटलं. मास्तरांना फुटेना. "बरं, मास्तर, मला सांगा, गिऱ्हाइकाला न विचारता तुम्ही त्याचं कापड कापता का?"

"कधीच नाही!"

"मग मुलाला का नाही विचारलंत?"

मापं घेताना मास्तर परक्या माणसाला दहा प्रश्न विचारायचे, खिसा कुठे हवा, बटणं किती हवीत. आणि घरातल्या मुलाला 'हे तू काय करतोस, का करतोस' असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं!

"तुम्हाला येतं ना विणायला? तुम्ही द्याल दुरुस्त करून?" त्यांनी आशेने विचारलं.

"येतं. पण देणार नाही. ज्याचं आहे त्याला सांगा. लपवाछपवी पुष्कळ झाली." सिस्टरनी कोट घेतला आणि निघाल्या.

संध्याकाळी मुलगा आला. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मुलाने बाही हातात घेतली आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले.

"बाबा, ती चुकली नव्हती. मालिकेतच तशी आहे. वादळात दीपगृहाचा दिवा विझायला लागतो, तेव्हा रखवालदार शेवटची ज्योत त्या बाहीत लपवून नेतो. म्हणून ती मोठी. ज्योत मावावी म्हणून."

मास्तर पुटपुटले, "मला वाटलं, तुझं चुकलंय."

"तुम्हाला नेहमीच तसं वाटतं," मुलगा म्हणाला. आवाज चढला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द त्या घरात त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकू आले. "आता काय करायचं ते तू सांग. मी तुझ्या हाताखाली."

मुलाने नाक पुसलं. "विणलेलं कापत नाहीत, बाबा. उसवतात. कोपरापर्यंत उसवू आणि परत विणू. पण लोकर कमी पडेल. कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी घालावी लागेल. ती साधी आहे, सगळे सुलट टाके. शिकाल?"

शनिवारी उजेड चांगला म्हणून दोघे दुकानातच बसले. मुलगा बाही विणत होता, मास्तर राखाडी पट्टी. कोटाच्या कॉलरवर फुलपाखरासारखी फिरणारी ती बोटं आज बारशाच्या वयाची झाली होती. टाका निसटला की मास्तर लहान मुलासारखे ओरडायचे, "अरे, गेला, गेला, धर!" मुलाने समोर मालिका लावली होती. थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "जरा मागे घे रे, त्या रखवालदाराची बहीण काय म्हणाली ते कळलं नाही." स्वयंपाकघरात बायकोने तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात व्यापारी संघाचे अध्यक्ष दारात उभे राहिले. त्यांच्या कोटाची ट्रायल होती. भारदस्त माणूस, आवाज तर दुकानाबाहेर जाणारा.

"हे काय मास्तर! लोकर आणि तुमच्या हातात? घरच्यांनी कामाला लावलं वाटतं!"

मुलाच्या सुया थांबल्या. त्याने वडिलांकडे पाहिलं नाही, पण त्याचे कान तिथेच होते. मास्तरांना क्षणभर मोह झाला. 'हिची लोकर धरून बसलोय' एवढं म्हटलं की सुटलो. गल्लीत अब्रू शाबूत!

त्यांनी सुया खाली ठेवल्या नाहीत.

"मुलाकडून शिकतोय, साहेब! पुतळ्यावरचा तो स्वेटरसुद्धा त्यानेच विणलाय. मी आजवर लोकांना खोटं सांगत होतो. लाज वाटत होती. आता त्या लाजेचीच लाज वाटते!"

अध्यक्ष पुतळ्याजवळ गेले, स्वेटर उलटा करून आतले टाके पाहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मुलाला विचारलं, "माझ्या मापाचा होईल का रे? मला... खरं म्हणजे मलाही लहानपणी शिकायचं होतं. आई द्यायची सुया हातात. वडिलांनी मोडून टाकल्या."

कुणी हसलं नाही. मुलगा म्हणाला, "काका, मापाचं नंतर बघू. आधी बसा, टाके घालायला शिकवतो."

रविवारी मास्तर आपला ठेवणीतला सूट घालून मेळाव्याला गेले. सगळीकडे निळ्या-गुलाबी केसांची पोरं, हातात लाकडी तलवारी. एका चिमुरडीने त्यांना आदराने विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणत्या मालिकेतले?" मास्तर म्हणाले, "घरगुती मालिकेतला. खलनायक होतो, आता सुधारलोय."

मुलगा मंचावर आला. दिवे मंदावले. त्याने उजवी बाही छातीशी धरली आणि आत लपवलेला छोटा दिवा लावला. टाक्याटाक्यांतून पिवळा उजेड पाझरू लागला. अख्खं सभागृह उभं राहिलं! शेजारची चिमुरडी नाचत ओरडत होती, "सेन्सेई! सेन्सेई!"

"म्हणजे काय गं?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं.

"म्हणजे मास्तर! आम्हा सगळ्यांना विणायला यांनीच शिकवलंय. तुम्हाला माहीत नाही?"

मास्तरांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका पडद्यापलीकडे राहून त्यांना ते माहीत नव्हतं.

नागरिकहो, आपणही घराघरांत हेच करतो. कुणाच्या हातात सुया, कुणाच्या पायात घुंगरू, कुणाच्या खोलीत रंगांच्या बाटल्या, आणि आपण दारातूनच निकाल देतो, हे बायकी, ते पोरकट, हे बिनकामाचं. सुईला पुरुष-बाई कळत नाही आणि आनंदाला वय कळत नाही. ज्याला हसताय त्याच्याजवळ जरा बसा आणि विचारा, "हे काय आहे? मला सांगशील?" मास्तरांनी हे विचारायला फार उशीर केला. तुमच्या घरातला कुणी अजून तुमच्या विचारण्याची वाट बघत असेल, तर आजच विचारा.