मिठानं खाल्लेली मधली भिंत

मी भिंत बोलतेय. उभ्या उभ्याच बोलते, बसायची सोय नाही मला. मुरबाडच्या बाजारातून म्हसा गावाच्या रस्त्याला लागलात, की डाव्या हाताला दोन कौलारू घरं एकमेकांना चिकटलेली दिसतील. एक रंभाकाकूची भाड्याची खोली (ती स्वतः मागच्या घरात राहते), दुसरं अंबूबाईचं घर. दोघींच्या मध्ये मी.

सध्या तब्येत बरी नाही माझी. दिवस उजाडला की अंगातून पांढरी पूड बाहेर येते आणि अशी खाज सुटते, की कुणीतरी करवंटी घेऊन खसाखसा घासावं. स्वस्थता म्हणून नाही जिवाला. पण हे दुखणं उपजत नव्हतं. ऐका.

मी जन्मले एक्क्याण्णव साली. रंभाकाकूचे यजमान महिपत आणि अंबूबाईचे यजमान अनंता, दोघांनी एकाच वेळी बांधकाम काढलं. महिपत म्हणाले, "दोन भिंती कशाला रे? एकच घालू. तुझी पन, माझी पन." धाऊ गवंड्यानं ओळंबा लावून मला सरळ उभं केलं. गिलावा ओला असतानाच अंबूबाईनं तिच्या बाजूनं हळदीकुंकवाची पाच बोटं उठवली. म्हणून पहिल्यापासून तिचा माझ्यावर हक्क जास्त. पुढं अनंता वारले, अंबूबाई एकटी पडली, आणि तिला माझाच काय तो आधार राहिला. पितळी वाटी माझ्या अंगाला लावायची, वाटीला कान, आणि पलीकडे काय चाललंय ते ऐकत बसायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

पहिले भाडेकरू शाळामास्तर. चार वर्षांत एक खिळा ठोकला, तोही मला विचारल्यासारखा हळूच. जाताना खिळा काढून भोकात दंतमंजन भरून गेले. नंतर दवाखान्यातल्या नर्सबाई. त्यांनी तर दर दिवाळीला मला चुना लावला. अशी माणसं बघून माझा स्वभाव बिघडला. वाटलं, सगळे असेच असतात.

दोन हजार तीनमध्ये सावळाराम आणि जनी आले. आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची, हा धंदा. जनी तोंडाची गोड. "काकू, तुमी माज्या आईच्या ठिकानी," म्हणत दर महिन्याला भाडं घेऊन स्वतःच काकूच्या ओट्यावर यायची. सोबत कागदात बांधलेली सुकट, कधी खारा बांगडा. तसाच एक पुडा अंबूबाईलाही.

रंभाकाकूला सासूची शिस्त होती. ज्या खोलीत दुसऱ्या बाईची चूल पेटली, तिथं बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, मग खोली स्वतःची का असेना. जनीनं कधी बोलावलं नाही, काकू कधी आत आली नाही. तीन वर्षं! दाराच्या त्या बाजूला मिठाच्या गोणी माझ्या पाठीला लागल्या होत्या. मोरी फोडून तिथं हौद बांधला होता आणि त्यात मासळी खारवायचं काम चालायचं. खारं पाणी माझ्या पायात मुरलं, मग गुडघ्यात, मग कमरेत. मी आतल्या आत फुगत होते आणि काकू बाहेर ओट्यावर बसून म्हणायची, "गुनाची मानसं हायत हो."

मला वाटायचं, अंबूबाई तरी बोलेल. तिला मोरी फोडतानाचे, हौद बांधतानाचे घाव वाटीतून ऐकू आले होते. तिच्या बाजूचे पोपडेही गळायला लागले होते. तिनं काय केलं? कपाट ओढून त्या जागेवर लावलं. दुसऱ्या दिवशी सुकट परतल्याचा वास आला. मी समजले.

दोन हजार सहाच्या फाल्गुनात रंभाकाकूची लेक भाग्यश्री हिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. काकूच्या राहत्या घरात मुलाचं बिऱ्हाड, पोरंटोरं, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून तिनं सावळारामला खोली सोडायला सांगितली. तो हूं का चूं न करता कबूल झाला. भर दुपारी टेम्पो भरला. जनीनं डोळ्याला पदर लावला, किल्ली काकूच्या हातात दिली. "येते गो काकू. बारशाला सांगावा धाडा."

टेम्पो वळणाआड गेला आणि काकूनं दार उघडलं.

फरशी उखडलेली. मोरीच्या जागी फुटका हौद, तळाला काळं पाणी. दाराची खालची फळी कुजून हातात येणारी. आढ्याला लोखंडी आकडे ठोकून वासा चिरलेला. आणि मी. कमरेपर्यंत गिलावा नाही, विटा बोटानं उकरल्या तर पिठासारख्या झडतात. काकूनं मला हात लावला, तो हात तसाच तोंडाला गेला. खारट.

ती उंबऱ्यावर बसली. महिपत आले. कपाळाला हात मारून म्हणाले, "तीन वर्सं तू बघितलं नाय?"

"दुसरीच्या चुलीत कशी डोकावू?"

"चूल नव्हती गो ती, कारखाना होता!"

धाऊ गवंडी आता म्हातारा झालाय. त्यानं मला वाजवून बघितलं. "लोणा लागलाय. इटंत मीठ शिरलंय. आदी खरवडा, गोड्या पान्यानं चार येळा धुवा, उन्हाळाभर सुकू द्या. मग हात लावा."

"उन्हाळाभर?" महिपत भडकले. "येत्या गुरुवारी विहीनबाई पोरीला घेऊन येतायत!"

"मग सिमेट थापा नि पाया पडा."

त्यांनी खरंच थापलं. वरून गुलाबी डिस्टेंपर. आत मीठ, वर रंग. मला श्वास घेता येईना. चार दिवस मी स्वतःला आवरून धरलं. काकूला गावभर मिरवायचं नव्हतं, एवढंच हवं होतं, की लेकीचं पहिलं बाळंतपण तिच्या हातून व्हावं. थोरल्या लेकीचं जमिनीच्या कोर्टकचेरीच्या गडबडीत राहून गेलं होतं. ही शेवटची.

गुरुवार आला. विहीणबाई खोलीत आल्या, गुलाबी रंगाकडे बघून म्हणाल्या, "झ्याक केलंय की." भाग्यश्रीसाठी माझ्या पायाशी गादी घातली होती. सरबत आलं, मंडळी टेकून बसली, भाग्यश्रीनं उशी सारखी करायला वाकून हात पुढं केला, आणि मला आवरेना. परातीएवढा पोपडा सुटून धप्पकन उशीवर पडला. सगळीकडे पांढरी धूळ.

भाग्यश्री खोकत मागं सरली. कुणाला लागलं नाही. पण मी मेल्याहून मेले.

विहीणबाईंनी पदर झटकला. "रंभाबाय, राग नको. पन ओल्या भित्तीखाली बाळंतीन कशी ठेवू? मी हिला माघारी नेते."

मान खाली घालून काकू पोपड्याचे तुकडे पदरात गोळा करत राहिली. जणू ते परत मला चिकटणार होते.

तेवढ्यात दारातून अंबूबाई आत आली. पलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं, हे सांगायला नको. हातात वाटी तशीच होती.

"ती कुटं जायची नाय," ती म्हणाली. "रंभा, मला मार पायजे तर. मला सगळं ठाऊक होतं. हौद ठाऊक, मीठ ठाऊक. पुड्यातली सुकट खाल्ली नि गप बसले. कपाट लावलं वरून."

काकूनं वर बघितलं. "तू? तू तर माज्या घरात काय शिजलं ते बाजारात सांगतेस! आनि हे येवडं नाय सांगितलंस?"

"नाय सांगितलं," अंबूबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. "आता सांगते. माजी आतली खोली कोरडी हाय, दोन खिडक्या हायत. पोरगी तिथं झोपेल. तू इथून ये-जा कर."

"इथून कशी? रस्त्यावरून वळसा घालून, बाळंतिनीचं पानी-शेक घेऊन?"

अंबूबाईनं माझ्यावर थाप मारली. आणखी दोन पोपडे पडले. "हिला तर पाडायचीच हाय ना? सडलेली तेवडी काढा. दार करा. भित्त माजी पन हाय."

विहीणबाई इकडून तिकडे बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. "बगू तुमची कोरडी खोली."

दोन दिवसांत धाऊनं माझा खारलेला भाग उतरवला, दाराएवढी वाट केली, वर सागाची फळी टाकली. प्रत्येक वीट काढताना मला दुखलं, आणि बरंही वाटलं. हळदीची पाच बोटं उरलेल्या अंगावर आहेत अजून, फिकट.

आता बाळ सव्वा महिन्याचं आहे. काकू दिवसातून वीसदा माझ्यातून जाते-येते. अंबूबाईशी पहिले आठ दिवस बोलत नव्हती, नुसती भांडी आपटायची. मग एकदा पेजेला भांडं सापडेना, तर अंबूबाईनं तीच पितळी वाटी पुढं केली. काकूनं ती घासून घासून घेतली आणि तिच्यातच पेज वाढली.

पण माझी खाज गेली नाही. उरलेल्या विटांतही मीठ आहे. ते कुठवर चढेल, धाऊलाही सांगता येत नाही. मध्ये एक जण खोली भाड्यानं मागायला आला होता. काकू म्हणाली, "देईन. पन मी दर महिन्याला आत येऊन बघनार. चालंल?" तो डोकं खाजवत गेला, अजून आलेला नाही. त्याची वाट बघत मी उभी आहे.

तुम्ही कुणाची खोली सोडून जाल, तेव्हा निघताना भिंतीवरून एकदा हात फिरवा आणि बोट जिभेला लावून बघा. आणि तुम्ही घरमालक असाल, तर दार वाजवा. आत या म्हणतील. नाही म्हणाले, तर मग नक्कीच आत जा.

थांबते. बाळ उठलंय, दोघी दोन बाजूंनी धावत येतायत, आणि वाट माझ्यातूनच आहे.