भिंतीचा तुकडा

जानकीने दातांनी दोरा तोडला आणि तुकडा मांडीवर पसरला. जुन्या धोतराचा हातभर चौकोन, आणि त्यावर या काठापासून त्या काठापर्यंत नुसते आडवे काळे टाके. मधे ना फूल, ना पान.

वाकोल्याच्या देवळामागच्या खोलीत दुपारी महिला मंडळाच्या बायका बसल्या होत्या. दवाखान्यातल्या अनुपमाताईंनी त्यांना सांगितलं होतं, बाळंतपणानंतरचे दिवस तुमचे जसे गेले तसे शिवा. सगळ्यांचे तुकडे जोडून एक गोधडी करू आणि वांद्र्याच्या प्रदर्शनात लावू. कुणी शेकाची शेगडी शिवली होती, कुणी पाळणा. कोळीवाड्यातून येणाऱ्या अंजनाबाईंनी एक होडी शिवली होती. मुलगी झाली तेव्हा नवरा समुद्रावर होता.

जानकीला इथे तिच्या सासूने, सुंदराबाईंनी आणलं होतं. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी सून घरात कुणाशी बोलत नव्हती. तिचा नवरा लहू, संपात त्याची गिरणी बंद पडल्यापासून, चेंबूरच्या एका कारखान्यात लागला होता. तो सकाळी जाई, रात्री येई, आणि ‘बाळंतीण आहे, दमली असेल’ म्हणून गप्प राही. ती दूध पाजायची, लंगोट धुवायची, वाढलं तर जेवायची. बाळ रडलं की शेजारच्यांचं रडतंय तशी ऐकत बसायची. मग सुंदराबाई म्हणायच्या, “अगो, घे तेका,” आणि ती घ्यायची.

आत्ता ते सुंदराबाईंच्या मांडीवर झोपलं होतं.

तुकडे गोळा करत रुक्मिणीबाई जानकीपाशी आल्या. शिवणयंत्र त्यांचं होतं, आणि मंडळही बरंचसं त्यांचंच.

“हे काय गं?”

“भिंत.”

“कसली भिंत?”

रुक्मिणीबाईंनी तुकडा उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

“अगं, हे प्रदर्शनात लागणार. राहू दे, या जागी मी एक कमळ लावते.”

जानकीने होकारार्थी मान हलवली. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं तिला कळलं.

“ऱ्हाऊ दे ना गो,” अंजनाबाई म्हणाल्या. “पोरीनं केलंय.”

“आणि लोकांना काय सांगायचं? मूल झालं नि ही भिंतीकडे बघत बसली?”

बाळाला थोपटणारा सुंदराबाईंचा हात थांबला.

“ती भिंत माझी आसा,” त्या म्हणाल्या.

“तुमची?”

“माझी. लहूच्या वेळची. माका सुई दिसना नाय, म्हणान सुनेकडसून शिवून घेतलंय. लाव तो तुकडो.”

रुक्मिणीबाईंनी दोघींकडे पाहिलं. सुंदराबाई मंडळात सगळ्यांत वडील. त्यांना कुणी उलटून बोलत नसे. यंत्र सुरू झालं, आणि भिंत होडीला जोडली गेली.

परतताना ऊन उतरलं होतं. सुंदराबाई बाळाला खांद्यावर घेऊन पुढे चालत होत्या. नळापाशी हंडे लागले होते, त्यांतून वाट काढून पलीकडे आल्यावर जानकीने विचारलं,

“आई, तुम्ही खोटं का बोललात?”

कित्येक दिवसांत तिने आपणहून काही विचारलं नव्हतं. सुंदराबाई चालत राहिल्या.

“शिवण्याचा खोटा. भिंतीचा नाय. लहू झालो तेव्हा आठ दिस मी तेका हातात घेवक नाय. भिंतीकडे तोंड करून पडान रवलंय. माझ्या आयेक म्हायत होता. ती गेली. आता तुका म्हायत.”

“यांना?”

“लहूक? तेका कित्याक सांगूचा?”

जानकी त्यांच्या बरोबरीने चालू लागली. चाळीच्या जिन्यापाशी ती थांबली.

“आई, मला रडूपण येत नाही.”

सुंदराबाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

“इतक्यात येवचा नाय,” त्या म्हणाल्या. “ता मागीर येता.”