खालची चिठ्ठी

वाल्मिकनं ब्लेडचं टोक शेंगेच्या शिवणीत घातलं आणि ती अलगद उकलली. आत बिया एकामागे एक, एकाच रांगेत बसल्या होत्या. त्यानं भिंग जवळ नेलं, लांब नेलं, चष्मा काढून धोतराला पुसला. बिया तशाच.

“शेंग आहे का हिरा?” समोर मांडीवर साडी पसरून सरलाबाई खडे चिकटवत होती. “वराछ्याचे हिरेवाले पण एवढं पाहत नाहीत.”

कागदाच्या पुडीतून त्यानं दुसरी शेंग काढली.

मोहरीच्या कुळातली, कच्छच्या रेताड जमिनीत येणारी ही दोन झाडं. पानं सारखीच राखाडी, फुलाला सारख्याच चार पाकळ्या. नुसत्या फुलावरून ओळखायला गेलं तर भलेभले फसतात. फरक शेंगेत. एकाच्या शेंगेत बियांची एक रांग, दुसऱ्याच्या शेंगेत दोन. एका रांगेची तिकडे पुष्कळ. दोन रांगांचं त्या तालुक्यात कुणालाच सापडलं नव्हतं.

ते योगिताला सापडलं होतं. फेब्रुवारीत त्यांची लेक कच्छहून आली ती अंगात ताप घेऊनच. पाचव्या दिवशी उशीला टेकून तिनं एक शेंग उघडली आणि लेबलावर लिहिलं, ‘बिया दोन रांगांत.’ बाराव्या दिवशी ती गेली.

गेल्या आठवड्यात तिच्या किरण मॅडमचा फोन आला. नोंद योगिताच्या नावानं छापायची होती. झाड कागदावर चिकटवून सोमवारी आणून द्या म्हणाल्या. त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदा सरलाबाई आपणहून जिना उतरली आणि खालच्या शोभाबाईच्या दारात बराच वेळ बसली.

दुसऱ्या शेंगेतही एक रांग होती. तिसरीतही.

वाल्मिकनं तीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात झाडं कागदावर चिकटवली होती. नावं ठरवणारे दुसरे. त्याचा फक्त गोंद. घरातली पुस्तकं वाचून त्याला पुष्कळ कळत होतं, पण कळलेलं बोलून दाखवायची वेळ आली की त्याची जीभ उचलत नसे. आताही त्याला वाटलं, आपलंच चुकत असेल. डोळे म्हातारे, भिंगाला चरा.

मग लेकीनं उघडलेली शेंग त्यानं पुन्हा पाहिली. पापडासारखी चपटी. हिरवी असतानाच दाबली गेलेली. आतल्या बिया एक इकडे, एक तिकडे सरकून दोन्ही कडांना लागलेल्या. पुडीतल्या शेंगा झाड दाबायच्या आधीच गळून वेगळ्या ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावर वजन पडलंच नव्हतं.

त्याची नजर कोपऱ्यातल्या साड्यांच्या गठ्ठ्यांकडे गेली. योगिता आली त्या संध्याकाळी तिच्या हातात झाडं दाबायच्या फळ्यांचे पट्टे आवळायची ताकद नव्हती. “पप्पा, तुम्ही बांधा,” म्हणाली होती. त्यानं बांधलं, आणि वर सरलाबाईचे साड्यांचे चार गठ्ठे रचले. कॉलेजात कुणी कधी इतकं वजन ठेवलं नव्हतं. पण लेकीचं पहिलं झाड. चांगलं सपाट बसावं.

खाली कापडाचे लूम चालू होते. फरशी थरथरत होती आणि तिच्याबरोबर बिया.

“सरला.”

“हं.”

“हे साधंच झाड आहे. नेहमीचं.”

तिनं चिमट्यात खडा धरला होता. तो तसाच राहिला.

“तिनं चुकीचं लिहिलं?”

“तिनं दिसलं ते लिहिलं. वजन मी ठेवलं होतं.”

“गठ्ठे माझे होते,” ती म्हणाली. मग खडा जागेवर लावून बोटानं दाबला. “मी शोभाबाईला सांगी दिलं ना.”

“मग मॅडमला काही सांगत नाही. शेंगा टाकून देतो.”

पुढचे चार खडे लावून झाल्यावर सरलाबाई म्हणाली, “तिले चाललं असतं?”

वाल्मिकनं मान खाली घातली. दहावीत एका मार्काची चूक स्वतः सरांना दाखवून तो मार्क कमी करून आलेली पोरगी.

“मग आता तिचं नाव काढतील?”

“नाही. लिहिलेलं लेबल काढत नसतात, खोडतही नाहीत. ज्याला दुसरं काही दिसलं, त्यानं खाली चिठ्ठी लावायची. नाव, तारीख, सही.”

“कोणाची सही?”

वाल्मिकनं एक कोरी पट्टी कापली. झाडाचं नाव लिहिलं. खाली ‘बिया एका रांगेत, वरची शेंग वजनानं दबलेली’ असं लिहिलं. ‘ठरवणारा’ या शब्दापुढे त्याचं पेन थांबलं. तीस वर्षांत हजारो चिठ्ठ्या त्यानं लावल्या होत्या. या शब्दापुढे काय लिहायचं ते नेहमी दुसऱ्यानं लिहिलेलं असे.

सरलाबाई साडी बाजूला ठेवून जवळ आली. तिला वाचता थोडंच येत होतं. वरच्या लेबलावर तिनं बोट ठेवलं. “हे तिचं.”

“हो.”

“खाली तुमचं येईल?”

त्यानं नाव लिहिलं. पट्टीच्या पाठीला गोंद लावून त्यानं ती लेबलाखाली, दोन बोटं जागा सोडून टेकवली.

“वजन ठेवू का काही?” तिनं विचारलं.

“नको. हातानंच दाब.”

तिनं तळहात ठेवला. गोंदाला पाच मिनिटं पुरतात. खाली पाळी बदलली, लूम थांबून पुन्हा सुरू झाले, तरी तिनं हात उचलला नव्हता, आणि वाल्मिकनंही तिला तो उचलायला सांगितलं नाही.