सरकीला पाच पाणी

मारुतीच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पारावर शीतलनाथ महाराज, पुढ्यात काळा दगड, हातात काचेची बाटली. महाराजांनी दगडाला भस्म फासलं आणि बाटलीतलं 'तेजाब' त्यावर ओतलं. दगड फसफसला. पुढच्या बाया दचकून मागे सरकल्या.

"दगड पेटतो, पाहिलंत? आता हा देह पाहा!" म्हणत महाराजांनी तेच तेजाब स्वतःच्या तळहातावर ओतलं. हाताला काही झालं नाही. "मंत्रापुढे अग्नी मांजर होतो, मांजर! बोला जय शीतलनाथ!"

अख्ख्या गावाने जयजयकार केला. पाराच्या पायरीशी छगनभाऊंची लेक मंजुळा कण्हत बसली होती, तिचा आवाज त्यात बुडून गेला.

मी डॉक्टर. १९७४ साल, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झालेले, मी देवीची लस टोचायला अमळनेरकडच्या त्या गावात गेलो होतो. संकरित कापसाचं बी नुकतंच त्या भागात आलं होतं. पेरणीआधी सरकीवरची लव काढायला मडक्यात तेजाब, म्हणजे गंधकाचं तीव्र आम्ल, घालून लाकडाने ढवळायचं, लव काळी पडून सुटली की बी पाच वेळा पाण्याने धुवायचं, हे आता घरोघर येत होतं. मंजुळा आखाजीला माहेरी आलेली, आईला मदत करत होती. मडकं कलंडलं आणि तेजाब तिच्या उजव्या हातावर सांडलं.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"व्हयना आर्धा तास," तिची आई वच्छलाबाई म्हणाली. "महाराजनी भस्म लावं."

माझं डोकंच फिरलं. समोर वीस पावलांवर छगनभाऊंचा हौद, मोटारीचं पाणी त्यात धो धो पडत होतं.

"छगनभाऊ, तिला आधी पाण्याखाली धरा!"

छगनभाऊ आडवे आले. "डाक्टरसाहेब, पानी लावं तं फोड येतीन. तेजाबमा पानी पडनं का उसळस, बठ्ठा गावले माहीत शे."

"मडक्यात थोडं पाणी पडलं तर उसळतं, खरं आहे. पण अंगावर सांडलेलं धो धो पाण्याने वाहून जातं!"

"तीन दिवस जलस्पर्श वर्ज्य!" महाराज वरून गरजले. "डॉक्टरच्या पुस्तकात मंत्र नसतो."

मी हात जोडले, ओरडलो. छगनभाऊ हलेनात. बाप होता, वैरी नव्हता, म्हणून तर जास्त चीड येत होती. प्रत्येक मिनिटाला तेजाब आत उतरत होतं आणि मी दगडावरच्या फेसाशी वाद घालत होतो.

तेवढ्यात नजर गेली धुरपदाबाईंकडे. गावभरची सरकी त्याच धुवायच्या. आताही त्यांच्या ओच्यात लवेची सरकी होती.

"अक्का, महाराजांचं तेजाब जरा त्या सरकीवर टाका बरं."

महाराजांनी बाटली मागे ओढली. अक्कांनी ती हिसकावली. मूठभर सरकी पायरीवर ठेवून त्यावर बाटली उपडी केली. सगळे वाकून बघू लागले. लव काळी पडली नाही, सुटलीही नाही.

"हाई सरकी तं जशी शे तशीच शे!" अक्का ओरडल्या. मग बाटली हुंगली. "लिंबू शे हाई, लिंबू!"

"आणि भस्म म्हणजे खायचा सोडा," मी म्हणालो. "सोड्यावर लिंबू पडलं की फसफसतं. साखर घातली असती तर सरबत झालं असतं. यांच्या हाताला काय होणार?"

महाराज "श्रद्धा नाही तिथे तेजाबही थंड पडतं" असं काहीसं पुटपुटत पारामागून निघून गेले. ऐकायला छगनभाऊ थांबलेच नाहीत. त्यांनी लेकीला उचललं आणि हौदाकडे धावले. बांगड्या उतरवून तासभर हात धारेखाली धरला, मग ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून बैलगाडीने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र पुन्हा वळली नाहीत. तो अर्धा तास मला आजही सलतो.

एवढंच सांगायचं आहे. तेजाब अंगावर सांडलं तर आधी कपडा, दागिना काढा आणि भरपूर वाहतं पाणी घाला, निदान अर्धा तास. भस्म नको, तूप नको, हळद नको. मग थेट दवाखाना. आणि कुणी चमत्कार दाखवला तर तुमच्या रोजच्या कामातल्या वस्तूवर तो एकदा करून बघा.

दवाखान्यात पट्टी बदलताना मंजुळेने बापाला विचारलं होतं, "आबा, सरकीले पाच पानी देतस. मना हातले एक बी नही दिधं?"

छगनभाऊंनी मान खाली घातली.